‘चिल्लर कामांनी काय होतं?’ : तासगावच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

मिरजेतल्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंविषयी मी लिहिलं होतं. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, एकट्या राहणाऱ्या एका आजोबांकडे त्या रोज सकाळी जातात, त्यांचे पाय धुतात, तळवे बघतात. त्यावर तुम्ही लिहिलंत की असल्या चिल्लर कामांनी काही बदलत नाही. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडीला पाणी आलं ते माणसं लढली म्हणून, कुणी प्रार्थना केली म्हणून नाही. आजाऱ्यांचं बघायला सरकार आहे. आणि ख्रिस्ती माणसाच्या सेवेमागे शेवटी धर्म वाढवायचाच हेतू असतो. तुम्ही पाणी चळवळीत उमेदीची वर्षं घातली आहेत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

आटपाडीबद्दल वाद नाहीच. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली, आणि माणसं वर्षामागून वर्षं तिथं जमत राहिली. पदरात काही पडत नव्हतं तेव्हाही जमत राहिली. त्या लढ्याच्या जागी आमच्या मंडळीनं काही केलं असतं तर पाणी आलं असतं, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण पायांचं काम चिल्लर आहे, हे मात्र मला मान्य नाही. कुष्ठरोगाचं औषध सरकार फुकट देतं, आणि चांगलं देतं. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या नीट घेतल्या की जंतू मरतात, रोग बरा होतो. पण मेलेली नस त्यानं परत येत नाही. ज्याचा तळवा बधिर झाला तो बधिरच राहतो. चपलेत खडा अडकला तरी माणूस दिवसभर त्याच्यावरच चालतो, गरम तव्याला पाय लागला तरी वास आल्यावर कळतं. दुखतच नाही, म्हणून थांबणं नाही. मग त्या जखमेत पू होतो, तो हाडापर्यंत जातो, आणि एक दिवस बोट किंवा पाऊल कापावं लागतं. यावरचा उपाय अगदी साधा आहे. पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे हलक्या हातानं घासायचे, ओल टिकावी म्हणून तेल लावायचं, मऊ रबराची चप्पल घालायची आणि रोज तळवा बघायचा. रोज म्हणजे रोज. चार दिवस चुकले तर त्या चार दिवसांतच जखम होते. या आजोबांची बोटं वाकलेली आहेत, नजर गेलेली आहे. त्यांना स्वतःचा तळवा दिसत नाही. तो दुसऱ्या कुणीतरी बघायला हवा. हे काम कुठल्या योजनेत बसवणार, सांगा. गोळी सरकार देईल, पण रोज सकाळी सातला दार वाजवायला माणूसच लागतो.

आमच्या गावाला हे नवं नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. शस्त्रक्रियेतल्या त्यांच्या हाताची ख्याती पार कर्नाटकापर्यंत गेली, आणि त्यांचं नाव राहिलं ते योग्यच आहे. त्याच मिशनच्या वाटेनं मिरजेत कुष्ठरुग्णांची सेवाही सुरू झाली. तेव्हा या रोगावर खात्रीचं औषधच नव्हतं. ते यायला 1940 नंतरचा काळ उजाडला. म्हणजे त्याआधी जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, वेळेवर भाकरी देणं आणि ज्याला घरच्यांनी बाहेर काढलं त्याच्या शेजारी बसणं, एवढंच हातात होतं. बरं होण्याची आशा नसताना त्या परिचारिकांनी आणि वॉर्डातल्या माणसांनी ते केलं. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. मला त्यांच्याविषयी वानलेस साहेबांइतकाच आदर वाटतो. खरं तर थोडा जास्तच.

आता धर्माचं. तुमची शंका मी झटकून टाकत नाही. सेवा करून तिची किंमत मागणारी माणसं सगळ्याच धर्मांत असतात. आम्ही ज्याला प्रभू मानतो त्यानं काय केलं तेवढं सांगतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात. परत येऊन आभार मानतो तो एकच, आणि तोही परक्या मानलेल्या शोमरोनी लोकांतला. ‘बाकीचे नऊ कुठं आहेत?’ असं येशू विचारतो, पण त्या नऊ जणांचं बरं होणं तो काढून घेत नाही. माझ्या दृष्टीनं या प्रश्नाचा निकाल तिथंच लागला. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. पाय पुसून झाले की ते ‘राम कृष्ण हरी’ म्हणतात. बाई घरून निघतानाच प्रार्थना करून आलेल्या असतात. त्या दोघांत धर्माचा विषय निघालेला मी तरी ऐकला नाही. येशूसाठी करते, असं त्या मला म्हणतात. आजोबांना ते पटलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नाही.

सरकारच्या कामाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मला अगदी पटलं, आणि तिथंच आमची गाडी अडली आहे. आजोबांना संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळायला हवं. पण बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, त्यामुळे आधारच्या मशीनवर अंगठा उठत नाही. डोळ्यांवरून ओळख पटवता येते म्हणतात, पण नजरेची ही अवस्था, आणि खिडकीवर कुणी ऐकून घेत नाही. उत्पन्नाचा दाखला काढायचा राहिलाय. बाईंना पायांचं सगळं कळतं, तहसीलदार कार्यालयाचं काहीच कळत नाही. मलाही फारसं नाही. तुम्ही मोर्चे काढलेत, निवेदनं दिलीत, साहेबांसमोर उभं राहून उत्तर मागितलंत. तासगावहून मिरज लांब नाही. पुढच्या आठवड्यात एक दिवस आलात तर आपण तिघं मिळून तहसीलला जाऊ.