मुदत भरली म्हणून इंजिन उघडावे का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

खासगी मालकीच्या छोट्या विमानांच्या देखभालीवरील माझ्या लेखावर आपण बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. तपासणीत ठणठणीत निघालेले इंजिन केवळ मुदत भरली म्हणून उघडणे शहाणपणाचे नाही, हे माझे विधान आपल्याला बेजबाबदार वाटले. मोटार बंद पडली तर कडेला घेता येते, विमानाला ती सोय नाही. म्हणून मुदत संपताच सगळे सुटे करून नवे भाग घालावेत, असे आपले म्हणणे आहे. पावसाळाभर शेडमध्ये झाकून ठेवलेल्या विमानाची झीज कशी होईल, असेही आपण विचारले आहे.

कायद्यापुरते बोलायचे तर आपल्याकडे हा निर्णय मालकाच्या मर्जीवर नसतो. मान्य देखभाल कार्यक्रमात असेल ती मुदत पाळावीच लागते आणि परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय विमान हलत नाही. त्या मुदतीला बगल द्या, असे मी कोठेही लिहिलेले नाही. मुदत शिल्लक आहे म्हणजे इंजिन सुरक्षित आहे, या समजुतीला माझा विरोध आहे, आणि आपला शेवटचा प्रश्न नेमका तिथेच येऊन पोहोचतो.

छोट्या विमानांची इंजिने बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या ओ-३६० या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी कंपनीने २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण सुटे करून दुरुस्त करण्याची, मुदत सुचवली आहे. वर्षाला ५० तास उडणाऱ्या विमानाचे १२ वर्षांत जेमतेम ६०० तास भरतात. कागदावर ते तरुण दिसते. परंतु या इंजिनात कॅमशाफ्ट (उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हा क्रँकशाफ्टच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद झाले की तेल निथळून तळाशी जाते आणि काही आठवड्यांत कॅमच्या उंचवट्यांवर त्याचा थर नावापुरता उरतो. जून ते सप्टेंबर बेळगावात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. सांब्र्याच्या विमानतळावरील हँगरमधली हवा काही वेगळी नसते. गंजाचे बारीक ठिपके पडलेला उंचवटा पुन्हा टॅपेटवर (कॅमचा रेटा व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या भागावर) घासू लागला की टॅपेटच्या कडक पृष्ठभागाचे कपचे निघतात, कॅम झिजतो, व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही आणि इंजिनाची ताकद हळूहळू घटते.

यावर उपाय म्हणून पुष्कळ मालक दर आठवड्याला दहा मिनिटे जमिनीवरच इंजिन फिरवतात. हे न केलेले बरे. जळणाऱ्या पेट्रोलातून पाण्याची वाफ तयार होते, तिचा काही भाग पिस्टन रिंगांजवळून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मुख्य पेटीत) उतरतो, आणि तेल साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअसपर्यंत तापून बराच वेळ तसे राहिल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. त्यासाठी निदान अर्धा तास उड्डाणच हवे. ते शक्य नसेल, तर पावसाळ्यापूर्वी संरक्षक तेल घालून, सिलिंडरमध्ये त्याचा फवारा मारून आणि स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग बसवून इंजिन रीतसर बंद करावे.

आता उघडण्यातला धोका. आपण स्वतः यंत्रकामातले आहात, म्हणून एकच उदाहरण देतो. सिलिंडर बदलताना फ्लँजखाली (सिलिंडरच्या बुडाच्या जोडकडेखाली) रंगाचा थर राहून गेला, तरी नट किती आवळला ते मोजणारा टॉर्क रेंच अचूक आकडा दाखवतो आणि नट घट्ट बसल्यासारखा वाटतो. पुढे उष्णतेने आणि कंपनांनी तो रंग दबतो, स्टडमधला (सिलिंडर धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या दांड्यातला) ताण उतरतो, मग प्रत्येक स्फोटाचा चढउतार थेट स्टडवर येतो आणि धातू थकून स्टड तुटतो. मुदतीपूर्वी धडधाकट चाललेले इंजिन दुरुस्तीनंतर थोड्याच तासांत घात करते ते असे.

हे माझे एकट्याचे मत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांड या सागरी गस्तीच्या विभागातील विमान-देखभालीच्या नोंदी शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा अकस्मात दुरुस्त्या नियमित तपासणीनंतर लगेच सर्वाधिक आणि पुढे कमी होत गेलेल्या आढळल्या. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नॉवलन आणि हीप यांनी दाखवले की त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी फक्त ११ टक्के भागांनाच वयाची मर्यादा घालून फायदा होतो. तो अभ्यास प्रवासी विमानांचा आहे, तेव्हा पिस्टन इंजिनाला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. स्पार्क प्लगला वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोसारख्या भागांची ५०० तासांची तपासणी तर मी स्वतःही कधी पुढे ढकलणार नाही.

मग भरवसा कशावर ठेवायचा? दर ५० तासांनी तेल बदलताना फिल्टर कापून, त्याच्या घड्या उलगडून, धातूचे कण दिसतात का ते पाहावे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरून ठेवतो ते, तपासताना चौरस इंचाला ८० पौंड दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडली की ती कोठून निसटते ते कान देऊन ऐकावे : एक्झॉस्टच्या नळीत फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडाशी ऐकू आली तर रिंगा. मग बोरस्कोप (बारीक नळीची दुर्बीण) आत घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा पाहावा. जळण्याच्या बेतात आलेल्या व्हॉल्व्हवर रंगाची वर्तुळे एका बाजूला सरकलेली दिसतात. दोष असा नेमका सापडला, तर तेवढाच सिलिंडर उतरवावा, आणि तेव्हा फ्लँजखालची जागा आपल्यासारख्या जाणकाराने पाहावी, असे मला मनापासून वाटते.

राहता राहिला आपला प्रस्ताव, की बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची बाही) आणि स्टड उद्यमबागेत निम्म्या खर्चात करून देता येतील. कौशल्याबद्दल मला शंका नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) एअरबसचे भाग बनतातच. पण तिथल्या प्रत्येक भागाबरोबर धातूच्या मूळ वितळणीपासूनचा कागद चालत येतो. तो कागद आपण देऊ शकणार नाही, आणि त्यावाचून तो बुश बसवल्याची सही कोणताही अभियंता करणार नाही.