‘कामाला प्रोफेशनल कार्डच लागतं’: या मेसेजमध्ये खरं किती?

वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठीचा ताकदवान कॉम्प्युटर, घ्यायचं म्हटलं की ग्राफिक्स कार्डाबद्दल हा मेसेज कुणीतरी पाठवतंच: ‘गेमिंग कार्ड कामाला चालत नाही. प्रोफेशनल कार्डची चिप वेगळी असते, ते प्रत्येक कामात वेगवान असतं, दहा बिट रंग फक्त त्यावरच दिसतात. मेमरी कमी पडली तर नंतर दुसरं कार्ड लावा.’

चिप वेगळी? ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं प्रोफेशनल आरटीएक्स ए६००० आणि गेमिंगवाल्यांचं आरटीएक्स ३०९०, दोन्ही २०२० ची आणि दोन्हींत जीए१०२ हीच चिप. कूडा कोअर, म्हणजे चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग, अनुक्रमे १०,७५२ आणि १०,४९६. खरा फरक मेमरीत आहे: ए६००० मध्ये ईसीसीसह (मेमरीतल्या चुका आपोआप दुरुस्त करणारी सोय) ४८ जीबी, ३०९० मध्ये २४.

प्रत्येक कामात वेगवान, हेही नाही. मेमरीचा वेग ३०९० चाच जास्त आहे, सेकंदाला ९३६ जीबी. ए६००० चा ७६८. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममधला सीन, म्हणजे दृश्याचा सगळा डेटा, २४ जीबीत मावत असेल तर महाग कार्ड पुढे जाईलच असं नाही. सीन ३५ जीबीचा असेल तर मात्र वादच मिटला, ४८ जीबीवालं घ्या.

मेसेजची खरी बाजू वेगळीच आहे आणि ती त्यात लिहिलेलीच नाही: ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. सीमेन्स एनएक्ससारख्या कॅड (कॉम्प्युटरवर वस्तू डिझाइन करण्याच्या) प्रोग्राममध्ये मॉडेल फिरवताना गेमिंग कार्ड खरंच धापा टाकतं. पण तो दोष सिलिकॉनचा नव्हे. २०१७ मध्ये एनव्हिडियाने टायटन एक्सपी या प्रोफेशनल नसलेल्या कार्डासाठी नुसता नवा ड्रायव्हर दिला आणि मायासारख्या थ्रीडी प्रोग्राममध्ये तिपटीपर्यंत वेग वाढल्याचं स्वतःच जाहीर केलं. म्हणजे वेग कार्डात आधीपासून होता, कुलूप ड्रायव्हरचं होतं! ग्राहक म्हणून याचा राग यायला हवा, पण रोजचं काम एनएक्सवर असेल तर राग गिळून प्रोफेशनल कार्ड घेण्यातच शहाणपण आहे. सॉलिडवर्क्स हा कॅड प्रोग्राम वापरणाऱ्यांनीही त्यासाठी प्रमाणित कार्डांची यादी आधी बघावी.

दहा बिट रंगांचा, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटांचा, मुद्दा शिळा झालाय. जुलै २०१९ च्या एनव्हिडियाच्या स्टुडिओ ड्रायव्हरपासून फोटोशॉपमध्ये ते जीफोर्स या गेमिंग कार्डांवरही मिळतात.

आणि दुसरं कार्ड? २४ अधिक २४ म्हणजे आपोआप ४८ होत नाहीत. एरवी प्रत्येक कार्ड पूर्ण सीन आपापल्या मेमरीत भरतं. मेमरी एकत्र वापरायला एनव्हीलिंक, म्हणजे दोन कार्डं थेट जोडणारी सोय, लागते, शिवाय सॉफ्टवेअरचीही साथ लागते. आरटीएक्स ४०९० वर तर एनव्हीलिंक नाहीच, आणि त्याच पिढीच्या प्रोफेशनल आरटीएक्स ६००० एडावरही नाही. तेव्हा लागणारी मेमरी पहिल्याच कार्डात घ्या.