ओटीपोटाच्या दुखण्यावर समग्र उपचार : होतकरू डॉक्टरांसाठी काही सूचना

आपल्या दवाखान्याच्या पाटीवर 'जैव-मनो-सामाजिक दृष्टिकोनातून उपचार' (म्हणजे शरीर, मन आणि भोवतालची परिस्थिती या तिन्हींचा विचार करून उपचार) असे ठळक अक्षरांत लिहून घ्यावे, अशी माझी सर्व होतकरू डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टांना नम्र सूचना आहे. मागच्या आठवड्यात अशाच एका दवाखान्यात मी ओटीपोटाचे जुने दुखणे घेऊन गेले आणि तेच दुखणे घेऊन परत आले. त्यामुळे या पद्धतीतली खुबी मला आता चांगलीच कळली आहे.

प्रथम शरीर. सोनोग्राफी करावी आणि ती नॉर्मल आली की पेशंटला काहीही झालेले नाही असे जाहीर करावे. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) सोनोग्राफीत अनेकदा दिसतच नाही, हे सांगून तिचा गोंधळ वाढवू नये. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासत बसण्यापेक्षा केगेलच्या, म्हणजे हेच स्नायू आवळण्या-सोडण्याच्या, व्यायामाचे छापील पत्रक सरसकट सर्वांच्या हाती द्यावे. ज्यांचे स्नायू आधीच आखडलेले असतात त्यांचे दुखणे ते आवळून वाढू शकते, पण पत्रके छापून झाली आहेत, त्याला आपला काय इलाज?

मनासाठी "टेन्शन घेऊ नका" एवढे वाक्य पुरेसे आहे.

तपासणीपूर्वी संमती विचारू नये, वेळ मोडतो.

संबंधांच्या वेळी दुखते का, हा प्रश्न नवऱ्याला आत बोलावून, शक्यतो त्याच्याकडेच पाहून विचारावा.

राहिली सामाजिक बाजू. फॉर्मवर 'व्यवसाय : गृहिणी' असे लिहिले की ती संपते. शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी शिक्षिका, बंदोबस्तावर तासन्‌तास लघवी दाबून उभी राहणारी महिला पोलीस, बाळंतपणानंतर लगेच हंडे उचलावे लागलेली आणि आता शिंक आली तरी कपडे ओले होतात हे कोणालाही सांगू न शकणारी सून, यांची चौकशी करण्याचे काहीच कारण नाही. बीडच्या ऊसतोड महिलांचीही अशीच कोणी चौकशी केली नव्हती. फडात आडोसा नाही, शौचालय नाही, पाळीत दुखते म्हणून खाडा केला तर मुकादम दंड कापणार. अशा बाईला दवाखान्यात कोणता उपचार मिळाला, तर पिशवी काढून टाकण्याचा! चाळिशीही न गाठलेल्या बायकांची गर्भाशये गेली, 2019 साली राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली, आणि तुमच्या फॉर्मवर अजून तो एकच रकाना आहे.

आता सरळच बोलते. अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी 1977 साली 'सायन्स' नियतकालिकात हे जैव-मनो-सामाजिक प्रारूप मांडले ते आजार म्हणजे केवळ शरीरातला बिघाड असे मानणाऱ्या वैद्यकाला आव्हान म्हणून. रिपोर्टमध्ये काही सापडले नाही की पेशंटच्या मनावर खापर फोडण्याची सोय म्हणून नव्हे. भीतीने स्नायू आखडतात, आखडल्याने दुखते, दुखल्याने भीती वाढते, आणि वेदना लांबली की मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील होते. ही वेदना खरी असते. हे तुम्हाला ठाऊक नाही असे नाही, तुम्हाला विचारण्याचा कंटाळा आहे. पडदा नीट ओढा, नातेवाइकांना बाहेर बसवा, हात लावण्याआधी परवानगी घ्या आणि ती कुठे काम करते, घरी तिला विश्रांती मिळते का, तिच्यावर कधी जबरदस्ती झाली आहे का, हे तिला सांगावेसे वाटेल अशा आवाजात विचारा. फी तर पूर्ण घेता, मग जरा वेळ खुर्चीत बसून ऐकायला काय धाड भरली आहे?