वर येताच आहात तर

बूट उजव्या पायाचा होता, चांगला दहा नंबरचा, आणि तो मी सायकलवरून डोंगराच्या माथ्यापर्यंत वाहून नेला. ज्यांचा होता ते गृहस्थ माझ्या डोक्यावरून चेअरलिफ्टमध्ये, म्हणजे तारेला लटकून डोंगर चढणाऱ्या खुर्चीत, बसून वर गेले. ही परवाची गोष्ट आहे आणि माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

झालं असं की येत्या शनिवारी दुपारी बारा ते रविवारी दुपारी बारा अशी चोवीस तासांची माउंटन बाइक रेस आहे, बर्फ वितळल्यावर मोकळ्या पडलेल्या एका स्की रिसॉर्टवर. मी सोलो गटात. म्हणजे आळीपाळीने फेऱ्या मारायला टीम वगैरे नाही. चोवीस तास मी, सायकल आणि तोच तो डोंगर. त्यासाठी रूट बघायला गेलो होतो.

स्कीचा डोंगर फक्त खाली येण्यासाठी असतो. वर न्यायला यंत्र आहे, त्यामुळे स्वतःच्या पायांनी चढणाऱ्याचा विचार तिथे कोणीच केलेला नाही. लिफ्टच्या खांबांच्या दुरुस्तीसाठी गाड्या जातात, त्यांचा एक खडीचा रस्ता असतो, नाकासमोर सरळ वर. गाडीला फोर व्हील ड्राइव्ह असतो, तिला वळणं कशाला हवीत? आयोजक नेमका हाच रस्ता आमच्या माथी मारतात. त्यात उंची. अडीच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. म्हणजे चार श्वास घ्यावेत तेव्हा तीन श्वासांचा ऑक्सिजन पदरात पडतो.

तर निम्म्या चढावर मी उतरून सायकल ढकलत होतो. (सोलोवाले सगळेच ढकलतात. चोवीस तास पाय पुरवायचे असतात. हे मी परवा खूप जणांना समजावून सांगितलं.) तेवढ्यात लिफ्ट थांबली. खाली कोणी बसताना अडखळलं की लिफ्ट थांबवतात. माझं नशीब असं की एक खुर्ची बरोबर माझ्या डोक्यावर थांबली, दोन मजले उंचावर. खुर्चीत हे गृहस्थ आणि शेजारी त्यांच्या सौभाग्यवती.

“अहो,” वरून आवाज आला. “पंक्चर झाली का?”

“नाही.”

“मग ढकलताय का?”

“चढ आहे.”

“लिफ्टला सायकल अडकवायचा हुक असतो. मागच्या खुर्चीला आहे बघा. सांगितलं नाही का तुम्हाला कोणी?”

“माहीत आहे. सराव करतोय. रेस आहे.”

“किती वेळाची?”

“चोवीस तास.”

वर जरा शांतता पसरली. मग ते बायकोला म्हणाले, पण मला नीट ऐकू येईल अशा बेताने, “चोवीस तास म्हणतायत.”

“एवढा वेळ लागतो वर जायला?”

“वर जायला नाही गं. वर जायचं, खाली यायचं, परत वर जायचं.”

“का? काही विसरतात का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सायकल मागे घसरू नये म्हणून दोन्ही ब्रेक आवळून मी उभा होतो आणि लिफ्ट काही हलत नव्हती. पुढे निघावं, तर निघायला दम हवा.

“गिअर हलका करा,” गृहस्थ म्हणाले.

“मी चालतोय.”

“तरी पण.”

“अहो, नका त्यांना बोलायला लावू,” बाई म्हणाल्या. “धाप लागलीय त्यांना. चेहरा बघा जरा.” मग दोघांनी वाकून बराच वेळ माझा चेहरा बघितला. लिफ्टमध्ये बसलेल्या माणसांना घाई नसते.

“बक्षीस काय असतं?”

“पहिल्या तिघांना पदक.”

“मग तुम्हाला काय?”

मी पाण्याची नळी तोंडात धरली, म्हणजे उत्तर द्यायला नको. गृहस्थांचा जीव मात्र खरोखरच माझ्यात अडकला असावा. त्यांना वरून एक सोपी वाट दिसली. “ती बघा, झाडांच्या पलीकडून,” असं म्हणून त्यांनी दिशा दाखवली. हाताने नाही, हातांनी दांडी धरलेली होती. पायाने दाखवली. आणि बूट निघाला.

तो माझ्या पुढच्या चाकापाशी पडला, एकदा उडाला आणि उताराने घरंगळत खाली गेला. जो चढ मी नुकताच चढलो होतो तोच उतरून, दगडावर अडकला.

“अहो, बूट!”

“दिसला.”

“तुम्ही वर येताच आहात ना?”

इथे लिफ्टने हिसका दिला आणि ती चालू झाली. अगदी याच क्षणी. “वर येताच आहात तर घेऊन या!” गृहस्थ मान मागे वळवून ओरडले. “आम्ही थांबतो!”

सायकलीचं वजन कमी करण्यासाठी मी काय काय केलंय हे इथे सांगायलाच हवं. साध्या बोल्टच्या जागी टायटॅनियमचे बोल्ट बसवले. टायर ट्यूबलेस केले, म्हणजे ट्यूबचं वजन वाचतं. आत लॅटेक्सचा पातळ चीक असतो, छोटं भोक पडलं तर तोच बुजवतो. (तो भिंतीवर उडाला तर भिंतही बुजवतो. निघत नाही.) टूथब्रश निम्मा कापून नेणाऱ्या लोकांची मी चेष्टा करत नाही. आणि या सगळ्या ग्रॅम-ग्रॅमच्या काटकसरीवर त्या माणसाने एका बुटात पाणी ओतलं.

ठेवायचा कुठे? पाठीच्या खिशांत एनर्जी जेलची पाकिटं. तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली नाहीत तर रात्री पाय संप करतात, त्यामुळे शरीर तेवढं पचवायला शिकावं म्हणून सरावातही ते गोड लुकण गिळत राहावं लागतं. खिशांत जागा नव्हती. शेवटी नाडीने हँडलला बांधला. जिथे रस्ता थोडा सपाट झाला तिथे मी सायकलवर बसलो, तर दर पेडलला बुटाची टाच गुडघ्यावर बसायला लागली. आत टाचदुखीवाले घालतात ती सिलिकॉनची मऊ गादी होती. अजून कोमट. तळव्याला च्युइंगगम चिकटलेलं आणि त्यात तिकिटाचा तुकडा.

माथ्यावर गृहस्थ कठड्याला धरून एका पायावर उभे होते. “आलात? आम्हाला वाटलं परत गेलात.” घड्याळ बघितलं. “लिफ्टने सात मिनिटं लागतात.” मग बूट हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, “इथे खरचटलाय.”

“थँक्यू म्हणा त्यांना,” बाई म्हणाल्या.

“म्हटलं की.”

“नाही म्हटलंत. मी इथेच आहे.”

“अगं, आल्या आल्या म्हटलं.”

म्हटलं होतं की नव्हतं यावर त्यांची चर्चा सुरू झाली. ती मिटेपर्यंत उतरणाऱ्या लिफ्टची खुर्ची आली, दोघं बसले आणि वाद घालतच खाली गेले. थँक्यू अजून यायचंय.

रेसचा नियम असा, की जेलचं रिकामं पाकीट ट्रॅकवर टाकलं तर स्पर्धक बाद. नियम चांगलाच आहे, डोंगर स्वच्छ राहतो. पण माझ्या हातून चार ग्रॅमचा कागद पडला तर मी गुन्हेगार, आणि दुसऱ्याने वरून बूट टाकला तर मीच हमाल! लिफ्टवाल्यांनी प्रवाशांचे बूट तपासावेत असा नियम कुठे आहे? ऑफिसात विचारायला गेलो तर खिडकीतल्या मुलीने सापडलेल्या वस्तूंचा फॉर्म पुढे केला. वस्तू मालकाला परस्पर देणं बरोबर नव्हतं म्हणे, ती खाली जमा करायची असते.

बरं, ते गृहस्थ चुकीचं काय बोलत होते? या खेळाचं मूळच तसं आहे. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायसजवळच्या रीपॅकच्या उतारावर ज्या पोरांनी पहिली रेस लावली, ते जुन्या जडशीळ सायकली पिकअप ट्रकमध्ये घालून वर न्यायचे आणि खाली सुटायचे. ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा म्हणतात. 1990 साली पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा कोलोरॅडोतल्या ड्युरँगोजवळ झाली, तीही स्की रिसॉर्टवरच. म्हणजे यंत्राने वर जाऊन सायकलने खाली येण्याची परंपरा जुनी आणि शहाण्यांची आहे. मग 1992 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कनेनला चोवीस तासांची रेस सुरू झाली आणि डोंगर रात्रीसुद्धा आपणच चढायचा हे ठरून गेलं. लिफ्टचं तिकीट आणि रेसची फी शेजारी मांडून बघा. चढून जायचे पैसे जास्त पडतात. वर ते परतही मिळत नाहीत.

तयारीचं म्हणाल तर बाकी सगळी झालीय. एक दिवा हँडलला, एक हेल्मेटला. गादीवाल्या चड्ड्या तीन, त्यांच्या आत काही घालायचं नसतं आणि मलम लावायचं असतं, हे घरी एकदा सांगून झालंय, पुन्हा सांगणार नाही. रात्रीच्या फेऱ्यांची सगळ्यांना धास्ती असते. पहाटे तीनला झाडांची माणसं दिसतात म्हणे. मी मात्र रात्रीचीच वाट बघत होतो, कारण लिफ्ट संध्याकाळी पाचला बंद होते.

काल आयोजकांचा मेल आला. लोकाग्रहास्तव यंदा प्रेक्षकांसाठी लिफ्ट मध्यरात्रीपर्यंत चालू राहील. खुर्चीवर ब्लँकेट मिळेल. स्पर्धकांना जवळून प्रोत्साहन देता यावं म्हणून चढाच्या भागात वेगही कमी ठेवणार आहेत.

मी उलट मेल टाकलाय, निदान बुटांच्या नाड्या तरी बांधायला लावा. उत्तर नाही.