माळवद थंड होतं हे खरं, म्हणून आता तसंच बांधा हे चूक

यंदाच्या उन्हाळ्यात एक मेसेज जवळपास प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलाय. म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या पूर्वजांची दगडामातीची माळवदाची (लाकडी तुळयांवर माती चोपून केलेल्या सपाट छताची) घरं एसीशिवाय थंडगार होती, भूकंपातही उभी राहायची, शेकडो वर्षं टिकायची, सिमेंट आलं अन् घराची भट्टी झाली, तेव्हा सिमेंट सोडा आणि परत तसंच बांधा. खाली नळदुर्गच्या पाणीमहालाचा फोटो. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाय, मलाही जुनी घरं लई आवडतात, पण यातली एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे.

ती आधी घेतो. "भूकंपातही उभी राहायची." अहो, हे मराठवाड्यात बसून कसं काय लिहवतं? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, लातूर-धाराशिव मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि बहुतेक याच घरांखाली गेली. भिंती दोन-तीन फूट रुंद, दिसायला दणकट, पण आतून एक थर, बाहेरून एक थर अन् मधी चिखल आणि बारीक दगडांची भरती. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला की थर सुटे झाले, आणि वरचं माळवद खाली आलं. त्या माळवदाचं वजन बघा. मिरगाच्या आधी गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची, चोपायची, परत पुढच्या वर्षी टाकायची, जुनी कोण काढतंय? दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेपाच टनांच्या घरात, पाच इंची स्लॅबच्या दीडपट, आणि कित्येक घरांवर हा थर दोन फुटांपर्यंत गेलेला होता. हां, जिथं छत लाकडी खांब-तुळयांवर पेललेलं होतं तिथं भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला अशी घरंही होती. शिकायचं असेल तर ते शिका: वजन पेलणारा सांगाडा नीट जखडलेला पाहिजे, भिंतींना सगळीकडून फिरणारा पट्टा पाहिजे, छत हलकं पाहिजे. हे सगळं आज सळई-सिमेंटनं होतं.

"सिमेंट गरम असतं." नाही. आपला काळा दगड उष्णता आत सोडायला काँक्रीटपेक्षा काही कमी नाही, फरक जाडीचा आहे. दोन फुटी भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, तोवर बाहेर गार झालेलं असतं. पाच इंची स्लॅबमधून तेच संध्याकाळी अंगावर येतं. आता वीस बाय तीसच्या प्लॉटवर चारी बाजूंनी दोन फुटी भिंती घाला बरं, सहाशेपैकी १८४ स्क्वेअर फूट नुसत्या भिंतीत गेले. जाडी परवडत नाही तर ऊन आधीच अडवायचं, दुसरा उपाय नाही. मेच्या मध्याला आपल्याकडं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, म्हणजे सगळ्यात जास्त मार छताला. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन फारसं लागतच नाही. मग पैसे कुठं घालायचे ते उघड आहे: गच्चीवर मार्च संपायच्या आत पांढरा चुना, जमलं तर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी. पश्चिमेला छज्जा काढून उपयोग नाही, संध्याकाळचं ऊन खालून तिरपं येतं, तिकडं झाड, जाळी नाहीतर पडदी पाहिजे.

जुन्या घरातली खरी कमाल मेसेजमध्ये आलीच नाही, ती म्हणजे सानं. माळवदाला मधोमध ठेवलेलं हातभर भोक, उजेड खाली येतो आणि तापलेली हवा वर निघून जाते, पाऊस आला की झाकून टाकायचं. स्लॅबच्या घरात हे काम जिन्यावरची खोली करू शकते, पण आपण तिथं लोखंडी दार लावून कुलूप ठोकतो. तिच्यात वरच्या अंगाला दोन झरोके ठेवा, रात्री खालच्या खिडक्या उघडा, सकाळी आठ-नऊला सगळं बंद करा, दिवसभर उघडू नका. आणि स्लायडिंग खिडकी घेताना एवढं लक्षात असू द्या की ती कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. हवा पाहिजे असेल तर दारासारखी उघडणारी पल्ल्याची खिडकी घ्या.

पाणीमहालाचं म्हणाल तर तो बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला आदिलशाही महाल आहे, नदी अंगाला लागून वाहते, तो थंड असणारच. त्याच्यावरून तुमच्या-माझ्या घराचं काय ठरवणार? अन् त्याच मेसेजमध्ये "रोज गच्चीवर पाणी मारा" असंही आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात हा सल्ला देऊ नये.

"शेकडो वर्षं टिकायची" याला जास्त वेळ देत नाही. टिकले ते सागवानी, चुन्यात बांधलेले, दरवर्षी डागडुजी होणारे वाडे. गरिबाचं घर मातीत गेलं, म्हणून ते आज फोटोत नाही.

आणि गरिबाचं आजचं घर पत्र्याचं आहे. किल्लारीनंतर दगडाची भीती बसली, कितीतरी लोक पत्र्याखाली झोपायला लागले, आजही गावोगाव पत्रेच दिसतात, आणि मे महिन्यात सगळ्यात जास्त हाल त्याच घरात होतात. तिथल्या बाईला सिमेंट सोडा म्हणून काय सांगता? पत्र्याला वरून पांढरा रंग, खाली फूटभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं छत, आणि मधली तापलेली हवा निघायला दोन्ही टोकं मोकळी, चुलीच्या वरचा भाग तेवढा तट्ट्याविना ठेवायचा. मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर हे लिहून पाठवा.