फादर मधे कशाला?

"देवाला सगळं ठाऊक असतंय म्हणता, मग पाप कबूल करायला मधे फादर कशाला?" कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर दत्त्यानं विषय काढला आणि अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.

पेद्रू कॅथलिक. तो म्हणाला, "क्षमा देवाचीच की. फादर 'मी तुला पापमुक्त करतो' म्हणतो, ते येशूच्या वतीनं. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूनं शिष्यांना तो अधिकार दिलाय. आणि फादरला स्वतःचं कुमसार, म्हणजे पापांची कबुली, दुसऱ्या फादरकडंच करावं लागतंय."

दत्त्या पडला वकील. "अशिलानं मला सांगितलेलं कायदा झाकतो. फादरला आपल्या पुरावा कायद्यात तसं संरक्षण नाही. उद्या कोर्टानं विचारलं तर?"

"तुरुंगात जाईल, पण बोलणार नाही. 1215 च्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे चर्चच्या मोठ्या धर्मसभेनं, कुमसाराचं गुपित फोडणाऱ्याला पाद्रीपदावरून काढून जन्मभर मठात डांबायचं ठरवलं होतं. आजही थेट फोडलं, की त्याच क्षणी तो बहिष्कृत."

मग सुनीतानं 2018 काढलं. केरळातल्या ऑर्थोडॉक्स पाद्र्यांनी एका विवाहितेला तिच्या कबुलीवरून ब्लॅकमेल केल्याचा आरोप झाला आणि राष्ट्रीय महिला आयोगानं कन्फेशनच बंद करा अशी शिफारस केली.

"ते कॅथलिक नव्हेत," पेद्रू म्हणाला.

"म्हणून बाईची भीती कमी होते?"

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. सुनीताचं म्हणणं मला सोळा आणे पटतं, पण बंदी नाही पटत. मनातल्या मनात देवाशी बोलताना आपण सोयीचं तेवढंच बोलतो. तेच दुसऱ्या माणसापुढं तोंडानं उच्चारायचं म्हटलं, की "परिस्थितीच तशी होती" वगैरे सबबी घशातच अडकतात. त्यासाठी ऐकणारं माणूस हवंच. फक्त त्यानं ऐकलेल्याचा मालक होऊ नये.

पेद्रूनं लहानपणचं सांगितलं: लाकडी खोक्याशी गुडघे टेकायचे, जाळीला तोंड लावून कुजबुजायचं, पलीकडं दिसायची ती फादरच्या गळ्यातल्या जांभळ्या पट्टीची कड. सोळाव्या शतकात मिलानचा आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यानं हे खोकं रूढ केलं, ते फादर आणि बायका यांच्यात आडोसा राहावा म्हणूनच.

"मग आता समोरासमोर खुर्च्या कशाला?" सुनीता.

"ज्याला हवं त्याला. जाळी मागायचा हक्क चर्चच्या कायद्यातच आहे."

"किती बायकांना माहीत आहे ते? मीसात, रविवारच्या उपासनेत, सांगा की मोठ्यानं."

"रविवारी फादरांशी बोलतो," पेद्रू म्हणाला. त्यानं बोलावंच.