साडेपाच एकर पड

गेल्या काही महिन्यांत चौघांनी इनबॉक्समध्ये एकच विचारलंय. बेळगावजवळच्या खानापूर भागात पडीक जमीन स्वस्तात मिळते का? दोन-चार देशी गाई मोकळ्या सोडायच्यात. दोघे पुण्याचे, एक बेंगळूरचा, एक आपल्याच बेळगावच्या टिळकवाडीतला. प्रत्येकाला वेगळं लिहायचा कंटाळा, म्हणून इथंच लिहितो.

मी नंदगडच्या बाजूला साडेपाच एकर घेतली, त्याला यंदा चौथा पावसाळा. तेव्हा मामा म्हणाले होते, "डोकं फिरलंय काय गा तुझं? पिकत नाही म्हणून लोकांनी सोडलेलं रान, आणि तू त्यात गवत पिकवणार?"

आधी कागद. जमीन सुधारणा कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, त्यामुळे एजंट भरपूर झालेत. उतारा कन्नडमध्ये. वाचता येत नसेल तर एजंटाच्या शब्दावर जाऊ नका, जाणता माणूस शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून घ्या. 'खराब' म्हणजे लागवडीत न धरलेलं क्षेत्र, ते अ आहे की ब ते बघा. ब म्हणजे नाला, वाट, असलं सार्वजनिक. पैसे मोजलेत तरी ते तुमचं होत नाही. माझे अकरा गुंठे असेच गेले. सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली जमीन असेल तर १९७८ च्या कायद्यानं परवानगीशिवाय झालेली विक्री टिकत नाही. ती कितीही स्वस्त असो, त्या वाटेला जाऊच नका.

आता चाऱ्याचा हिशेब. हा कुणी करतच नाही. तीनशे किलोच्या गाईला दिवसाला आठ किलो सुका चारा धरा, वर्षाला तीन टन झाला. आमच्या तांबड्या मुरमाड माळावर एकरी टनभर वाळलं गवत निघालं तर मी खूश असतो. त्यातलंही निम्मं रानात उभं ठेवायचं, सगळं ओरबाडलं तर मुळं पुन्हा जोर धरत नाहीत. म्हणजे एका गाईला सहा एकर. साडेपाच एकरांत माझी एक गायसुद्धा पुरी बसत नाही! भाताचं पिंजर विकत आणतो, तेव्हा दोन गाई जगतात. फोटोत मात्र झकास दिसतात.

पहिल्या वर्षी मी घाणेरी (टणटणी) काढायला जेसीबी लावला. दोन दिवसांत माळ कसा तळहातासारखा साफ! जूनमध्ये वरची चार बोटं माती ओढ्याला गेली आणि खरवडलेल्या जागेत काँग्रेस गवत छातीएवढं आलं. खालच्या कोपऱ्यात मशीन पोचलं नव्हतं. तिथं दोन बायामाणसांनी कुदळीनं घाणेरीची गड्डी जमिनीखाली तोडली आणि झुडपं उलटी करून टाकली. त्या कोपऱ्यात बी न टाकता मारवेल हे चाऱ्याचं गवत आलं. ते जमिनीतच होतं, त्याला ऊन मिळत नव्हतं, एवढंच.

दुसरी चूक तारेची. चारी बाजूंनी कुंपण घातलं, तिसऱ्या दिवशी तार तोडलेली. मी चिडून गावात गेलो. गवळीवाड्यावरच्या एका आजोबांनी मला चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या आधीपासनं आमच्या म्हशी तिथनंच जातात. तुम्ही पड म्हणता, आम्ही चराईचं रान म्हणतो."

माझं मत तिथं बदललं. आपण ज्याला पडीक म्हणतो ती जमीन बहुतेक वेळा कुणाची तरी चराई असते. उताऱ्यावर त्याचं नाव नसतं, पण म्हशींच्या पायांनी पडलेली वाट असते. ती तोडून 'निसर्गशेती' करायची आणि वर गावकरी सहकार्य करत नाहीत म्हणून पोस्ट टाकायची, हे मला पटत नाही.

आता तारेला दोन ठिकाणी वाट ठेवलीय. रानाचे चार तुकडे केलेत. पावसाळ्यात एक तुकडा चरला की महिनाभर तिथं गुरं नाहीत, आणि एक तुकडा दरवर्षी दसऱ्यापर्यंत राखून ठेवतो, बी पडू देतो. कधी हलवायचं ते आजोबा ठरवतात. मी कॅलेंडर बघतो, ते गवत आणि शेण बघतात. तीनदा वाद झाला, तिन्ही वेळा तेच बरोबर निघाले. सुगीनंतर धनगराची मेंढरं दोन रात्री बसवतो, त्याला जोंधळा देतो. ज्या पट्ट्यात मेंढरं बसली तिथलं गवत पुढच्या पावसाळ्यात लांबूनही वेगळं दिसतं.

झाडं लावा असं कुणीतरी सांगेलच. बांधाला लावा. मधे आकेशिया लावलात की खाली गवताची काडी उरत नाही, रस्त्याकडेची लागवड बघून या.

पैशाचं विचाराल तर अजून घरातूनच घालतोय. तूप विकून जमिनीचं व्याज सुटेल असं सांगणारे भेटतात, त्यांची वही मी पाहिलेली नाही.

चौघांपैकी कुणी जमीन बघायला येणार असेल तर एप्रिलमध्ये या. ऑगस्टमध्ये आमच्या पत्र्यावरसुद्धा गवत उगवतं. आणि दुपारी या, म्हणजे त्या रानात कुणाची गुरं उभी आहेत ते दिसेल. एजंटाच्या आधी त्यांच्या मालकाशी बोला.